आधी पाणी, मग बटण

आमचे घरमालक काका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी बाथरूममध्ये जात. ज्यांना हे माहीत नसे त्यांची धांदल उडे. यजमान घाईघाईने आतली बादली सरकवत, नवा साबण काढून देत, कुणी टॉवेल घेऊन दाराशी उभे राहत. काका मात्र आत मान वर करून गीझरकडे बघत उभे असत. मग त्याच्या अंगावर तळवा ठेवत, डोळे मिटत आणि आतूनच खणखणीत आवाजात विचारत, "वय काय?"

एकदा आम्ही सगळे कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलो होतो. तिथे आतून असाच प्रश्न आला. मुलीच्या वडिलांना वाटलं, मुलाकडची वडीलधारी माणसं विचारताहेत. ते अदबीने म्हणाले, "चोवीस पूर्ण झाली." काका ताडकन बाहेर आले. "चोवीस? आणि अजून वापरताय? आजच्या आज उतरवा!" काकूंनी त्यांना कोपऱ्यात नेऊन बसवलं आणि हातात पेढा दिला. पेढा खाऊन होईपर्यंत माणूस गप्प बसतो, एवढाच त्यांचा हिशेब होता.

नव्वद सालानंतर लवकरच मी लग्न होऊन नाशिकला आले. माहेर नामपूरचं. तिथे अंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवरच्या हंड्यात तापायचं. इथे मला एका शाळेत नोकरी लागली आणि गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका छोट्या कॉलनीत काकांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घर दाखवताना लोक खिडक्या दाखवतात, वारा कसा येतो ते सांगतात. काकांनी आम्हाला थेट बाथरूममध्ये नेलं आणि दोघांना भिंतीशी उभं करून धडा दिला.

"बाई, तुम्ही शाळेत पाढे घेता ना? मग हा एक पाढा पाठ करा. आधी पाणी, मग बटण. गरम पाण्याचा नळ सोडायचा. धार सलग आली, फुसफुस थांबली, म्हणजे टाकी भरली. मगच बटण. काय?"

"आधी पाणी, मग बटण," मी म्हटलं.

"मोठ्याने."

मी मोठ्याने म्हटलं. शेजारी नवरा हसू दाबत होता, तर त्यालाही म्हणायला लावलं.

काका सातपूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. पंचवीसेक वर्षं त्यांनी वाफ सांभाळली होती. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा ते घरी बसले, म्हणजे बसायला हवे होते. पण ज्या माणसाने आयुष्यभर दर तासाला काटा बघितला त्याला घरात बघायला काय सापडणार? त्यांना कॉलनीतले गीझर सापडले. त्यांचं म्हणणं असं की कारखान्यातला बॉयलर दरवर्षी सरकारी इन्स्पेक्टर येऊन ठोकून बघतो, तेव्हा कुठे तो पेटवता येतो. "आणि हा तुमच्या डोक्यावर लटकतोय, खाली पोरं नागडी अंघोळ करतायत, याला बघायला कोण येतं? कुणी नाही. म्हणून मी येतो."

आमच्या कॉलनीत सकाळी तासभर गंगेचं पाणी यायचं. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. बाकी दिवसभर बोअर. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, एवढं आम्हा बायकांना ठाऊक होतं. काकांना त्यापुढचं ठाऊक होतं. पाणी तापलं की त्यातला क्षार वेगळा होतो आणि आतल्या तापत्या कॉइलवर बसतो. पहिल्या वर्षी कागदाएवढा, पाचव्या वर्षी बोटाएवढा जाड. मग कॉइलची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी त्या थरातच कोंडते. पाणी कोमट येतं. घरातले म्हणतात, गीझर म्हातारा झाला, आणि काटा वर सरकवतात. काटा वर गेला की क्षार आणखी भराभर धरतो, आणि एक दिवस कॉइल आतल्या आत जळून जाते.

"म्हातारा नाही झाला," काका चिडून म्हणत. "तुम्ही त्याला दगड खायला घातलेत."

हे दगड ते जपून ठेवत. गीझर उघडला की आतला पांढरा, पिवळट चुरा ते पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात भरत आणि वर घराचं नाव लिहीत. त्यांच्या माडीच्या जिन्याखाली अशा खोक्यांची चळत होती. पाहुणा आला की चहाबरोबर एखादं खोकं निघायचं. "हे आमच्या डॉक्टरांचं. बघा. लोकांना पथ्य सांगतात, आणि स्वतःच्या गीझरच्या पोटात हे." सगळ्यात मोठं खोकं खरोखरच डॉक्टरांचं होतं. डॉक्टर चांगल्या स्वभावाचे, त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. पण काका समोरून येताना दिसले की त्यांच्या पत्नी रस्ता बदलत.

माझी आई एकदा नामपूरहून आली होती. तिने बाथरूममधलं ते पांढरं पिंप बघितलं आणि काकांना विचारलं, "हाई काय शे?" एवढं निमित्त पुरलं. काकांनी जिन्यात बसून तिला थर्मोस्टॅट कसा बंद-चालू होतो ते सांगितलं. कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवली की क्षार कसा सुटतो ते सांगितलं. रबरी वॉशर दर वेळी नवा का घालायचा तेही सांगितलं. काटा साठच्या वर नेऊ नये, दिवसभर बटण चालू ठेवू नये. आई तासभर मान डोलवत होती. शेवटी म्हणाली, "पन भाऊ, पानी तपनं का?" ते तापून केव्हाच गार झालं होतं.

त्यांना सगळ्यात जास्त राग होता तो थेंब बंद करणाऱ्यांचा. गीझर तापताना त्याच्या खालच्या झडपेतून थेंब थेंब पाणी गळतं. आतला दाब वाढला की तो तिथून बाहेर पडतो. पलीकडच्या गल्लीतल्या एका साहेबांना ही गळती सहन होईना, म्हणून त्यांनी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बांधला. काकांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. खरकट्या हाताने उठले, साहेबांच्या पायरीवर जाऊन बसले. साहेब म्हणाले, माझं घर आहे, मी काय वाटेल ते करीन. काका म्हणाले, करा, मी इथेच बसतो, उडालो तर दोघं उडू. दीड तास बसले. शेवटी साहेबांच्या मुलीने ट्यूब सोडून आणून काकांच्या हातात दिली, तेव्हा ते घरी येऊन उरलेलं जेवले. तो थेंब गळतो म्हणून तुम्ही जिवंत आहात, हे काकांचं वाक्य पुढे साहेबच पाहुण्यांना ऐकवत.

आणि एवढं सगळं करून स्वतः काका बारा महिने गार पाण्याने अंघोळ करत. नाशिकची थंडी काय असते ते ज्याने भोगलीय त्यालाच कळेल. डिसेंबरात पहाटे खालून त्यांचं "हर हर गंगे" ऐकू आलं की मी पांघरूण आणखी ओढून घ्यायची. विचारलं तर म्हणायचे, "आयुष्य वाफेत गेलं बाई. अंगाला तरी गार काही नको का?"

काकू त्यांच्या अगदी उलट. बारीक, हळू बोलणाऱ्या, आणि काकांना कोपरखळी मारायची तर तीही हळूच. नव्या गीझरमध्ये एक कांडी असते. पाण्यातला गंज ती स्वतःच्या अंगावर घेते आणि टाकीला वाचवते. ती झिजली की बदलायची असते. काका एकदा माझ्यासमोर या कांडीचं फार कौतुक करत होते. काकू तांदूळ निवडत म्हणाल्या, "मला बदलायला मात्र तुम्हाला उशीर झाला." काका मनापासून हसले. असं त्यांचं चालायचं.

आता दसऱ्याबद्दल सांगते. दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रं, अवजारं, गाड्या पुजतात. कॉलनीतल्या बायका गीझरलाही हळदीकुंकवाचं बोट लावत. काकांना ते पटेना. "आत गाळ आणि बाहेर कुंकू? आधी पोट साफ करा, मग पूजा." त्यांनी पद्धतच पाडली. दसऱ्याच्या सकाळी सहा वाजता पान्हे, स्टूल आणि झेंडूच्या फुलांची पिशवी घेऊन ते निघत. घरात शिरत, बटण बंद करत, पाण्याचा कॉक फिरवत, टाकी रिकामी करत, गाळ काढत, वॉशर बदलत आणि पुन्हा भरत. सगळं झालं की एक झेंडू गीझरच्या नळीला दोऱ्याने बांधत. फूल दिसलं म्हणजे गीझर तयार. मग बाई घरात असो वा नसो, कुणी काही विचारायचं नाही, फूल बघून बटण दाबायचं. आमचं सोडून अकरा घरं त्यांनी धरली होती. त्या फुलावर आमचा इतका विश्वास होता की वर्षभर ते वाळून काळं झालं तरी कुणी काढत नसे.

काकू त्या दिवशी दुपारी वाटीत काहीतरी गोड घेऊन घरोघर जात. सोनं द्यायला सगळे संध्याकाळी निघतात, या दुपारीच का जातात, हे मी एकदोनदा मनात विचारलं होतं. हौस असेल म्हणून सोडून दिलं.

आम्हाला तिथे दहा-अकरा वर्षं झाली असतील, त्या साली काका थोडे बदलले होते. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत. एकदा आमचा गीझर बघून खाली गेले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा वर येऊन विचारलं, "वय काय?" मी हसले आणि सांगितलं. शाळेत दिवसभर मुलं तेच तेच विचारतात, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तेव्हा वाटायला हवं होतं.

त्या दसऱ्याला नवऱ्याने सकाळीच स्कूटर धुतली. मग समाधान झालं नाही म्हणून पुन्हा धुतली. गच्चीवरची टाकी आमच्या आणि काकांच्या घराची एकच. काका सगळ्या कॉलनीचं उरकून अकराच्या सुमारास वर आले, तेव्हा मी श्रीखंडाच्या गडबडीत होते. आतून त्यांचा आवाज आला, "बाई, टाकीत पाणी नाही. आलं की येतो भरायला." मी हो म्हटलं आणि विसरले.

तीन वाजता आमची मुलगी मातीत खेळून आली. संध्याकाळी सोनं द्यायला जायचं होतं, तिचे केस धुवायचे होते. मी बाथरूममध्ये डोकावले. नळीला झेंडू होता, ताजा, टवटवीत. मी बटण दाबलं. मुलगी खाली पाटावर टॉवेल गुंडाळून बसली. मी तेल आणायला वळले आणि रबर जळल्याचा उग्र वास आला. वर बघितलं तर गीझरच्या खालच्या झाकणातून धूर येत होता. मी मुलीला दंडाला धरून खेचलं, बाहेर टाकलं म्हटलं तरी चालेल, आणि पळत जाऊन मेन स्विच पाडला. ती रडत होती, दंड दुखला म्हणून.

काका वर आले. त्यांनी तळवा ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मग कॉककडे बघितलं. कॉक बंद होता. गीझरमध्ये एक थेंब नव्हता.

"बटण कुणी लावलं?" ते ओरडले.

"मी. फूल होतं," मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. "काका, फूल होतं!"

त्यांनी फुलाकडे बघितलं. पाणी नाही म्हणून परत यायचं ठरवलं आणि निघता निघता हाताने सवयीने फूल बांधून टाकलं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. ते हळूच पाटावर बसले. मुलगी जिथे बसली होती त्याच पाटावर.

"आज अकरा घरं केली," ते म्हणाले. "अर्ध्या लोकांनी सकाळी गाड्या धुतल्या. कुठे पाणी होतं, कुठे नव्हतं... बाई, मला आठवत नाही. फूल सगळीकडे बांधलंय."

मी त्यांच्यावर रागावले होते, आणि ते वाक्य ऐकून तो राग कुठे गेला मला कळलं नाही. ते उठले, म्हणाले, सगळी फुलं काढून आणतो. जिन्यात काकू उभ्या होत्या. हातात वाटी होती.

"नऊ घरं मी बघितलीत," काकू म्हणाल्या. "गरम पाण्याचा नळ सोडून बघितला. नऊही भरलेले आहेत. दोन राहिलीत."

काकांना काही उमगेना. "तू कशाला बघितलंस?"

"तुम्ही येऊन गेलात की मी जाते. दोन वर्षं झाली. वाटी द्यायच्या निमित्ताने आत जाते, हात धुते म्हणते आणि नळ सोडून बघते. मागच्या साली एका घरी कॉक बंद होता. मी उघडला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?" काकू म्हणाल्या. "हे एवढंच तर राहिलंय तुमच्याकडे. आणि वर आपल्याच घरात बघायला आले नाही हो मी. आपल्या घरात नाही चुकणार असं वाटलं."

काका चप्पल न घालताच निघाले. काकू मागे, आणि मुलीला शेजारी सोडून मीही.

रस्त्यावर लोक निघायला लागले होते. कडक इस्त्रीचे सदरे, नवी परकर-पोलकी. जो तो आपट्याचं पान पुढे करी, "सोनं घ्या काका, सोन्यासारखे राहा." काका पान घेत आणि न थांबता चालत. पहिलं घर ठीक निघालं, नळाला सलग धार आली. दुसऱ्या घरातली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ वीस दिवसांचं. दारातच तिची आई म्हणाली, "या या, सोनं द्यायला आलात? बसा."

काका सरळ आत गेले. गरम पाण्याचा नळ सोडला. नळ एकदा फुसफुसला आणि गप्प झाला. काहीच आलं नाही. वर झेंडू लटकत होता.

"बटण लावलं होतं का?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"नाही हो, सकाळी बाळाची अंघोळ चुलीवरच्या पाण्याने उरकली. उद्या सकाळी लावू म्हटलं. का?"

काकूंनी माझा हात घट्ट धरला. काकांनी कॉक उघडला. टाकीत पाणी पडायचा आवाज येऊ लागला. सलग धार येईपर्यंत ते नळाखाली हात धरून उभे राहिले आणि मग त्या बाईंकडे वळून म्हणाले, "वहिनी, मी हा रिकामा ठेवून गेलो होतो. उद्या तुम्ही बटण लावलं असतं तर आत जळून पाण्यात करंट उतरला असता. माझी चूक. तुम्हाला माहीत असायला हवी." आतल्या खोलीत बाळ रडत होतं. काकांनी फूल काढून घेतलं आणि बाहेर आले.

घरी आल्यावर फाटकाशी काका थांबले आणि झेंडू काकूंच्या हातात ठेवला. "काम मी करीन," म्हणाले. "फूल यापुढे तू लावायचं."

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जाऊन हे सांगून आले, अकराच्या अकरा ठिकाणी. मला वाटलं होतं लोक आता त्यांना बोलावणार नाहीत. एका घराने खरंच बोलावलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बाकी दहांनी बोलावलं. डॉक्टरांच्या बायकोने तर स्वतः येऊन सांगितलं, दसऱ्याला यायचं हं, दोघांनी.

पुढच्या दसऱ्याला सहा वाजता दोघं बरोबर निघाले. काकांकडे पान्हे आणि स्टूल, काकूंकडे फुलांची पिशवी. आमच्याकडे सगळ्यात शेवटी आले. नवा गीझर होता, तरी काकांनी उघडून बघितला, धुतला, वॉशर बदलला, भरला. मग हात पुसत बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभे राहिले. काकू आत गेल्या, नळ सोडला आणि ऐकत राहिल्या. काका भिंतीकडे बघत होते. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी मुलं शाळेच्या व्हरांड्यात अशी उभी राहतात. मला त्यांच्याकडे बघवेना.

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "अजून हवा येतेय."

हा माणूस कारखान्यात सरकारी इन्स्पेक्टरशीही भांडलेला, साहेबांच्या पायरीवर दीड तास बसलेला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचं म्हणणं वाद न घालता ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. मी वाट बघत होते.

"बरं," काका म्हणाले आणि आत जाऊन पुन्हा स्टुलावर चढले. काकूंनी फुलांची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं.